काउंटी, पोलीस आणि आपली तक्रार: फेअरफॅक्समध्ये दाद कोणाकडे मागावी

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या फेअरफॅक्स काउंटीत, सेंटरव्हिलमधील टाउनहाउसमध्ये राहायला आल्यापासून काही महिन्यांतच चार गोष्टींनी आपल्याला हैराण केल्याचे आपण लिहिले आहे. वसाहतीच्या तोंडाशी असलेल्या खड्ड्याची तक्रार काउंटीकडे, म्हणजे जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाकडे, करूनही कोणी फिरकले नाही. शेजारच्या रात्रीच्या गोंगाटासाठी पोलिसांना बोलावले, तर ते आले, दारात दोन शब्द बोलले आणि निघून गेले. आपल्या यजमानांची गाडी रस्त्यात थांबवली गेली, तेव्हा ते अदबीने उतरून बोलायला गेले, तर अधिकाऱ्याने आवाज चढवला आणि शेवटी कोर्टाच्या तारखेचा कागद हातात दिला. शिवाय डीएमव्हीत, म्हणजे राज्याच्या वाहन नोंदणी खात्यात, गाडीचे सगळे पैसे भरलेले असताना काउंटीने पुन्हा गाडीवरच्या कराचे बिल पाठवले. दाद नेमकी कोणाकडे मागायची, आणि पोलिसांविरुद्ध तक्रार केल्यास व्हिसा धोक्यात येतो का, असा आपला प्रश्न आहे.

उत्तर व्हर्जिनियात स्थानिक प्रशासनात नागरिकांच्या तक्रारी हाताळण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या चारही तक्रारी चार वेगवेगळ्या दारांच्या आहेत. फोनवर गोड बोलून कोणीही ऐकून घेते, पण ज्याच्याकडे अधिकार नाही त्याच्या गोड बोलण्याने खड्डा बुजत नाही. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त अशा एका मोठ्या खुर्चीपर्यंत पोहोचले की काम होते असे मनातून वाटत असते. इथे तशी खुर्ची नाही, आणि ती शोधण्यातच लोकांची पहिली दोन वर्षे जातात.

फेअरफॅक्स काउंटीची लोकसंख्या साडेअकरा लाखांच्या आसपास आहे, तरी तिला महापौर नाही. कारभार दहा जणांच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सकडे असतो. त्यातले नऊ जण आपापल्या डिस्ट्रिक्टमधून आणि अध्यक्ष संपूर्ण काउंटीतून निवडून येतो. रोजचा कारभार पाहणारा काउंटी एक्झिक्युटिव्ह आणि पोलीस प्रमुख या दोघांची नेमणूक हे बोर्ड करते. सेंटरव्हिल हे नाव पत्त्यात असले तरी ते कायद्याच्या दृष्टीने शहर नाही, त्यामुळे त्याला स्वतःची नगरपालिका नाही. ते सली डिस्ट्रिक्टमध्ये मोडते. याउलट हर्नडन आणि व्हिएन्ना या काउंटीच्या पोटातल्या टाउन आहेत, त्यांना महापौर आहेत आणि स्वतःचे पोलीसही आहेत. फेअरफॅक्स सिटी आणि फॉल्स चर्च तर काउंटीच्या बाहेरच धरल्या जातात, कारण व्हर्जिनियात सिटी ही काउंटीपासून स्वतंत्र असते. गंमत म्हणजे ज्या कोर्टात फेअरफॅक्स काउंटीचे खटले चालतात ती इमारत फेअरफॅक्स सिटीने चहूबाजूंनी वेढलेली आहे.

दुसरी गोष्ट नवख्या माणसाला कोणी सांगत नाही. व्हर्जिनियात डिलन नियम चालतो, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाने जेवढे अधिकार दिले असतील तेवढेच काउंटी वापरू शकते. आपला खड्डा याच नियमाच्या छायेत आहे. १९३२ च्या एका कायद्याने व्हर्जिनियातल्या बहुतेक काउंट्यांचे रस्ते राज्याने आपल्याकडे घेतले. आर्लिंग्टन आणि हेनरिको या दोनच काउंट्या आपले रस्ते स्वतः सांभाळतात. म्हणून फेअरफॅक्समधील सार्वजनिक रस्त्यावरचा खड्डा, पडलेली रस्त्याची पाटी किंवा हिवाळ्यातला बर्फ हे सारे राज्याच्या परिवहन विभागाचे, म्हणजे व्हीडॉटचे काम असते. तक्रार त्यांच्या संकेतस्थळावर किंवा ८००-३६७-७६२३ या क्रमांकावर नोंदवावी. मात्र आधी एक गोष्ट तपासून घ्या. टाउनहाउसच्या वसाहतीतले आतले रस्ते बहुधा खासगी असतात आणि ते वसाहतीच्या एचओएच्या, म्हणजे घरमालकांच्या संघटनेच्या, मालकीचे असतात. आपला खड्डा वसाहतीच्या फाटकाच्या आत असेल तर व्हीडॉटही येणार नाही. ते काम आपण दरमहा भरता त्या वर्गणीतून व्हायला हवे. बर्फाचेही तसेच आहे: बाहेरचा रस्ता व्हीडॉटने साफ केला आणि आतला तसाच राहिला म्हणून काउंटीला दूषणे देणारे मेल मी ढिगाने वाचले आहेत. कचऱ्याचीही तीच कथा आहे, कारण काउंटी स्वतः फार थोड्या घरांचा कचरा उचलते आणि बाकीच्यांकडे खासगी कंत्राटदार येतो.

आता पोलिसांकडे येतो. फेअरफॅक्समध्ये गस्त, तपास आणि रहदारीचे काम काउंटीचे पोलीस दल करते. शेरीफ हा वेगळा, चार वर्षांसाठी निवडून आलेला अधिकारी असतो आणि त्याचे कर्मचारी तुरुंग, कोर्टाची सुरक्षा, समन्स बजावणे आणि कोर्टाच्या हुकुमानुसार घर खाली करून घेणे ही कामे करतात. पण शेजारच्या लाउडन काउंटीत, म्हणजे ॲशबर्न किंवा स्टर्लिंगमध्ये राहणारे आपले नातेवाईक सांगतील की त्यांच्याकडे चोरी झाली तरी शेरीफचेच लोक येतात. त्यांचेही खरे आहे, कारण लाउडनमध्ये काउंटीचे पोलीस दल नाही. शिवाय महामार्गांवर राज्य पोलीस असतात. म्हणून यजमानांना थांबवणारा अधिकारी कोणत्या दलाचा होता हे गणवेशाच्या रंगावरून ठरवू नका. हातात दिलेल्या समन्सवर दलाचे नाव आणि अधिकाऱ्याचा क्रमांक लिहिलेला असतो. तक्रार करायची असो वा कोर्टात जायचे असो, पहिली नोंद तीच करून ठेवावी.

कोणत्या वेळी कोणता क्रमांक फिरवायचा याबद्दल आपल्या लोकांत दोन टोके दिसतात. काही जण घरात चोर शिरला तरी ९११ लावायला कचरतात, तर काही पार्किंगच्या भांडणासाठीही लावतात. जीव, आग आणि सुरू असलेला गुन्हा यांसाठी ९११ लावावे; झालेल्या चोरीची नोंद, गोंगाट किंवा बेवारस गाडी अशा गोष्टींसाठी ७०३-६९१-२१३१ हा नॉन-इमर्जन्सी क्रमांक आहे. ९११ वर पहिला प्रश्न पत्त्याचा असतो, काय झाले हा नंतरचा. म्हणून भारतातून आई-वडील राहायला आले की घराचा पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरांत फ्रिजवर चिकटवून ठेवा. त्यांना इंग्रजी जमत नसेल तर त्यांनी फक्त ‘हिंदी’ किंवा ‘मराठी’ एवढा शब्द उच्चारावा आणि फोन धरून ठेवावा. फोनवर दुभाषा जोडून देण्याची सोय असते, आणि हिंदीचा दुभाषा सहसा लवकर मिळतो. बोलणे शक्य नसेल तर याच क्रमांकावर लिखित संदेशही पाठवता येतो. भारतात फोन लावताना ०११ आणि ९१ यांच्या गोंधळात ९११ लागणे ही नेहमीची बाब आहे. अशा वेळी घाबरून फोन ठेवला तर पोलीस दारात येतात, म्हणून फोन न ठेवता ‘चुकून लागला’ एवढे सांगावे. रुग्णवाहिका बोलावली तर तिच्यामागे आगीचा बंबही येतो, त्याने गडबडून जाऊ नये, कारण बंबावरच्या जवानांनाही वैद्यकीय प्रशिक्षण दिलेले असते. रुग्णालयात नेल्याचे बिल मात्र येते, आणि पाहुणे आई-वडिलांच्या प्रवास विम्यात ते बसते का हे त्यांच्या आगमनापूर्वी पाहून ठेवणे शहाणपणाचे आहे.

यजमानांच्या प्रसंगावर मी थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे गैरसमजाची किंमत मोठी आहे. आपल्याकडे पोलिसाने हात दाखवला की गाडीतून उतरून त्याच्यापर्यंत चालत जाणे हा आदर मानला जातो, आणि बसून राहणे उद्धटपणा ठरतो. अमेरिकेत नेमके उलट आहे. इथल्या अधिकाऱ्याला प्रत्येक गाडीत बंदूक असू शकते असे गृहीत धरायला शिकवलेले असते, आणि न सांगता दार उघडून आपल्या दिशेने येणारा माणूस त्याच्या दृष्टीने धोक्याची खूण असते. गाडी उजवीकडे थांबवावी, रात्री आतला दिवा लावावा, काच खाली करून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवावेत, आणि लायसन्स किंवा रजिस्ट्रेशन काढण्यापूर्वी ते कुठे आहे हे सांगून मगच हात न्यावा. आवाज चढवणे हे वर्तन चांगले होते असे मी म्हणत नाही. पण तो चढण्याचे कारण जात किंवा वर्ण असेलच असे धरून तक्रार लिहू नका, कॅमेऱ्यातले चित्रण पाहून ठरवा. रस्त्याच्या कडेला वाद घालणे व्यर्थ आहे, कारण निकाल तिथे लागत नाही. पैशांबद्दल तर चेष्टेतही बोलू नये. लाच देऊ करणे हा इथे गंभीर फौजदारी गुन्हा आहे आणि बोललेला शब्द न् शब्द मुद्रित होत असतो.

त्या कागदावर सही केली म्हणजे गुन्हा कबूल केला असे होत नाही. ती सही कोर्टात हजर राहण्याचे वचन असते. आता त्यावर आरोप काय लिहिला आहे ते नीट वाचा. साधे वेगमर्यादेचे उल्लंघन असेल तर दंड आगाऊ भरून कोर्टाची फेरी टाळता येते, मात्र त्याचा अर्थ दोष मान्य केला असा होतो. ‘रेकलेस ड्रायव्हिंग’, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवणे, असे लिहिले असेल तर प्रकरण वेगळे आहे. व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा ताशी २० मैल किंवा अधिक वेगाने, अथवा मर्यादा काहीही असली तरी ताशी ८५ मैलांच्या वर गाडी चालवणे हा क्लास १ मिसडिमिनर, म्हणजे फौजदारी गुन्हा आहे. त्याची कमाल शिक्षा १२ महिने तुरुंगवास आणि २,५०० डॉलर दंड अशी आहे. मुले चढत-उतरत असताना थांबलेल्या स्कूल बसला ओलांडणे हेही त्याच सदरात मोडते. न्यू जर्सीहून किंवा कॅलिफोर्नियाहून इथे आलेली आपली मुले हे साधे तिकीट समजतात, ऑनलाइन भरायला जातात आणि तिथे ते भरताच येत नाही तेव्हा त्यांना घाम फुटतो. रडार डिटेक्टर, म्हणजे पोलिसांचे वेगमापक रडार ओळखणारे यंत्र, वापरण्यावर सर्व वाहनांसाठी बंदी घालणारे व्हर्जिनिया हे एकमेव राज्य आहे, हेही त्यांना माहीत नसते. हातात फोन धरून गाडी चालवण्यास २०२१ पासून बंदी आहे. पहिल्या वेळी १२५ डॉलर आणि पुढच्या वेळी २५० डॉलर दंड होतो. उलट आरशाला टांगलेल्या गणपतीची काळजी करणाऱ्यांना सांगतो की २०२१ मध्ये बदललेल्या कायद्यानुसार केवळ आरशाला काही लटकते आहे एवढ्यावरून गाडी थांबवता येत नाही. तरी नजरेआड येईल असा मोठा हार लावू नये.

रेकलेसचा आरोप असेल तर वकील घ्या, हे माझे स्पष्ट मत आहे. फेअरफॅक्सच्या जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टात नेहमी ये-जा करणारे वकील गाडीचा स्पीडोमीटर अचूक वेग दाखवतो का हे तपासून घ्यायला सांगतात, काही वेळा ड्रायव्हिंगचा सुधारवर्ग आधीच पूर्ण करायला लावतात, आणि आरोप साध्या उल्लंघनावर आणण्याचा प्रयत्न करतात. तारखेला हजर न राहणे ही सर्वांत वाईट निवड आहे. निकाल विरुद्ध गेला तर १० दिवसांत वरच्या, म्हणजे सर्किट कोर्टात अपील करता येते आणि तिथे प्रकरण नव्याने सुरू होते. वकिलाला आपली व्हिसाची स्थिती पहिल्याच भेटीत सांगा. दोष मान्य केल्याने देश सोडावा लागण्याचा धोका असेल तर तो अशिलाला सांगणे हे बचाव वकिलाचे कर्तव्य आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडिला प्रकरणात ठरवले आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तर दोष सिद्ध होण्याआधीच, निव्वळ अटकेवरून, परराष्ट्र खाते पासपोर्टमधला व्हिसा रद्द करू शकते.

आपण विचारलेले नाही, तरी पोलीस आणि मराठी घर यांची गाठ ज्या प्रसंगी सर्वांत कटू पडते त्याबद्दल लिहिल्याशिवाय मला हे उत्तर पुरे करता येणार नाही. नवरा-बायकोच्या भांडणात आवाज वाढतो, भिंतीपलीकडचा शेजारी फोन करतो, किंवा घाबरलेली पत्नी ‘पोलिसांनी येऊन जरा समजावून सांगावे’ या अपेक्षेने स्वतः फोन करते. महाराष्ट्रातल्या चौकीत असे प्रकरण समुपदेशनाने मिटल्याचे तिने पाहिलेले असते. व्हर्जिनियाचा कायदा मात्र असे सांगतो की घरातल्या व्यक्तीवर हात उचलला गेल्याचे सकृद्दर्शनी दिसले, तर विशेष परिस्थिती नसल्यास अधिकाऱ्याने मुख्य हल्लेखोराला अटक केलीच पाहिजे. त्यासाठी जखम दिसायलाच हवी असे नाही, धक्का पुरतो. पाठोपाठ मॅजिस्ट्रेटकडून आणीबाणीचा संरक्षण आदेश निघतो, तो साधारण ७२ तासांचा असतो आणि कोर्ट बंद असल्यास पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत लांबतो. तेवढा काळ आरोपीला स्वतःच्या घरात पाऊल टाकता येत नाही. सकाळी पत्नीने ‘माझी तक्रार नाही’ असे सांगितले तरी खटला थांबत नाही, कारण खटला कॉमनवेल्थ, म्हणजे व्हर्जिनिया राज्य, चालवते आणि तो पुढे न्यायचा की नाही हे निवडून आलेला सरकारी वकील ठरवतो.

हे वाचून मार खाणाऱ्या कोणत्याही स्त्रीने फोन करण्याचे टाळावे असा याचा अर्थ कृपा करून काढू नका. उलट तिच्या नावावर व्हिसा नसला, ती नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असली, तरी कायद्याचे संरक्षण तिला पूर्ण मिळते. काही गुन्ह्यांच्या पीडितांना तपासात सहकार्य केल्यास यू व्हिसासाठी अर्जही करता येतो. दक्षिण आशियाई कुटुंबांसाठी या परिसरात आशियाना ही संस्था काम करते, आणि काउंटीची स्वतःची चोवीस तासांची मदतवाहिनी आहे. मला सांगायचे आहे ते एवढेच की इथले पोलीस मध्यस्थ म्हणून येत नाहीत, आणि आले की प्रकरण घरच्यांच्या हातात उरत नाही. मंडळाच्या ज्येष्ठांना बोलावून ‘समेट’ घडवून आणणाऱ्यांनाही हे सांगावेसे वाटते, कारण संरक्षण आदेश लागू असताना त्यांनी घडवलेली भेट आरोपीला पुन्हा तुरुंगात पोचवू शकते.

गोंगाटाचे उत्तर त्यामानाने छोटे आहे. रात्री १० ते सकाळी ७ या वेळेत शेजारच्या घरातला आवाज आपल्या घराची दारे-खिडक्या बंद असतानाही स्पष्ट ऐकू येत असेल तर तो काउंटीच्या नियमाचा भंग ठरतो. पण अधिकारी येईपर्यंत आवाज थांबला असेल तर तो समज देण्यापलीकडे काही करू शकत नाही. त्याने काहीच केले नाही असे आपल्याला वाटले, तरी त्या फेरीची नोंद झालेली असते, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी त्या नोंदी कामी येतात. म्हणून प्रत्येक वेळी आवाज सुरू असतानाच फोन करा आणि घटनेचा क्रमांक मागून घ्या. शेजारचे गवत फार वाढले, एका घरात परवानगीपेक्षा जास्त भाडेकरू राहतात, परसात परवानगीवाचून बांधकाम चालले आहे, असे विषय पोलिसांचे नसून काउंटीच्या कोड कंप्लायन्स, म्हणजे घर-जागेचे नियम पाळले जातात का हे पाहणाऱ्या, विभागाचे आहेत. घरमालकाने डिपॉझिट अडवल्याबद्दल पोलिसांना बोलावले तर ते हा दिवाणी मामला आहे असे सांगून परत जातील, आणि तेही बरोबरच आहे. आपल्याच बाजूची एक गोष्ट जाता जाता सांगतो: गणेशोत्सवाच्या आधी सार्वजनिक उद्यानात ढोल-ताशाचा सराव करायचा असेल तर पार्क अथॉरिटीची परवानगी आधी काढा. परवानगीचा कागद दाखवला की तक्रारीवरून आलेल्या अधिकाऱ्याशी बोलणे फार सोपे होते.

गाडीवरच्या कराबाबत चूक कोणाचीच नाही. डीएमव्ही हे राज्याचे खाते आहे आणि तिथे आपण नोंदणीचे शुल्क भरले. काउंटी जो कर मागते तो गाडीच्या किमतीवरचा वैयक्तिक मालमत्ता कर आहे. फेअरफॅक्समध्ये त्याचा दर अनेक वर्षे १०० डॉलरमागे ४.५७ डॉलर असा राहिला आहे आणि बिल सहसा ५ ऑक्टोबरपर्यंत भरायचे असते. खासगी वापराच्या गाडीच्या पहिल्या २०,००० डॉलर किमतीवर राज्याकडून काही सवलत मिळते, ती बिलात आधीच वजा केलेली असते. आपण वर्षाच्या मध्यात आलात, तर कर फक्त आपण इथे असलेल्या महिन्यांचाच लागायला हवा. तारीख चुकीची लागली असेल तर भाडेकरार किंवा घराच्या खरेदीचे कागद जोडून काउंटीच्या कर विभागाला लिहा. ते दुरुस्त करतात, याबाबत माझा अनुभव चांगला आहे. थकबाकी राहिल्यास पुढच्या वर्षी डीएमव्ही नोंदणी अडवून धरू शकते. गाडी विकली किंवा काउंटी सोडली तरी कर विभागाला कळवावे, नाहीतर बिले येतच राहतात.

आता पोलिसांविरुद्धच्या तक्रारीचा प्रश्न. फेअरफॅक्समध्ये यासाठी जी व्यवस्था आज आहे तिच्यामागे एक मृत्यू आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये स्प्रिंगफील्ड भागात जॉन गीअर या नि:शस्त्र नागरिकाला त्याच्या घराच्या दारात एका पोलीस अधिकाऱ्याने गोळी घातली. त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ काउंटीने अधिकाऱ्याचे नावसुद्धा जाहीर केले नाही. लोकांचा संताप वाढल्यावर २०१५ मध्ये पोलीस कार्यपद्धतीचा आढावा घेणारा आयोग नेमला गेला, २०१६ मध्ये त्या अधिकाऱ्याने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला, आणि त्याच वर्षी बोर्डाने स्वतंत्र पोलीस ऑडिटरचे पद आणि नागरिकांचे पुनरावलोकन पॅनेल निर्माण केले. बळाच्या वापरातून मृत्यू किंवा गंभीर इजा झाली असेल तर ते प्रकरण ऑडिटर पाहतो. अधिकाराचा गैरवापर, वंशभेदी वागणूक किंवा गंभीर गैरवर्तन यांच्या तक्रारी पॅनेलच्या कक्षेत येतात, आणि त्या घटनेपासून एका वर्षाच्या आत करायच्या असतात.

पॅनेलच्या मर्यादाही समजून घ्या. मूळ चौकशी पोलीस दलाचा अंतर्गत विभागच करतो. ती पूर्ण झाल्यावर ती सखोल, निष्पक्ष आणि अचूक झाली का हे पॅनेल तपासते, आणि कोणाला शिक्षा करण्याचा अधिकार त्याला नाही. मला हे अपुरे वाटते, तरीही तक्रार नोंदवणे निष्फळ नाही, कारण एकाच अधिकाऱ्याबद्दल पाच जणांनी लेखी लिहिले तर वरिष्ठांना ते दडपता येत नाही. निव्वळ उद्धट बोलण्याबद्दल मात्र मी थेट पॅनेलकडे जाणार नाही. त्या अधिकाऱ्याच्या ठाण्यावरच्या पर्यवेक्षकाला शांत भाषेत पत्र लिहावे, त्यात तारीख, वेळ, समन्सचा क्रमांक आणि झालेले शब्द द्यावेत, आणि बॉडी कॅमेऱ्याचे चित्रण पाहण्याची विनंती करावी. पर्यवेक्षकाने चित्रण पाहिले की बहुतेक वेळा दोहोंपैकी एक बाजू मुकाट्याने मागे हटते. कागदपत्रे स्वतः हवी असतील तर व्हर्जिनियाच्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो. सरकारी कार्यालयाने कामाच्या ५ दिवसांत उत्तर द्यायचे असते आणि आणखी ७ दिवस मागून घेता येतात. चालू फौजदारी तपासाच्या नोंदी ते रोखू शकतात, आणि शोधकामाचे शुल्क आकारू शकतात, म्हणून अर्ज नेमका लिहावा.

अशी तक्रार केल्याने व्हिसावर परिणाम होत नाही. काउंटीने जानेवारी २०२१ मध्ये विश्वास धोरण स्वीकारले आहे. कायद्याने भाग पडत नसेल तर काउंटीचे कर्मचारी कोणाची स्थलांतरविषयक स्थिती विचारत नाहीत किंवा ती माहिती केंद्रीय यंत्रणेला स्वेच्छेने देत नाहीत. पण एक भेद ध्यानात ठेवा. अटक होऊन तुरुंगात बोटांचे ठसे घेतले गेले की ते एफबीआयकडे जातात आणि तिथून केंद्रीय गृहसुरक्षा खात्यालाही दिसतात. काउंटीचे धोरण त्याला अडवू शकत नाही. तक्रारदार आणि साक्षीदार सुरक्षित असतात. अटक झालेल्या माणसाने मात्र ताबडतोब स्थलांतर कायद्याच्या वकिलाशी बोलावे.

याच भीतीवर पोट भरणारे ठगही आहेत. इथे नागरिकांना कोर्टात ज्युरी, म्हणजे पंच, म्हणून बोलावले जाते. ‘मी शेरीफच्या कार्यालयातून बोलतो, तुम्ही ज्युरी ड्यूटीला आला नाहीत, वॉरंट निघाले आहे, गिफ्ट कार्डने पैसे भरा’ असे फोन येतात, आणि त्यावर खरा क्रमांक झळकवण्याची युक्तीही ते करतात. भारतातल्या ‘डिजिटल अरेस्ट’चेच हे भावंड आहे. शेरीफ किंवा पोलीस कधीही फोनवर पैसे मागत नाहीत. ज्युरीचे खरे पत्र टपालाने येते, आणि आपण नागरिक नसाल तर तसे लिहून ते परत पाठवायचे असते. दुर्लक्ष करायचे नसते. सोन्याच्या दागिन्यांसाठी भारतीय घरे हेरून घरफोड्या झाल्याचे अनेक राज्यांत घडले आहे, त्यामुळे लग्नाला किंवा दिवाळीच्या कार्यक्रमाला घरातले सगळे जाणार असतील तर दागिने बँकेच्या लॉकरमध्ये असावेत आणि त्यांचे फोटो व पावत्या वेगळ्या जागी. चोरीनंतर अहवालात ‘सोने’ एवढेच लिहिले तर पोलिसांना आणि विमा कंपनीलाही त्याचा उपयोग होत नाही.

शेवटी आपल्या सुपरवायझरबद्दल. त्याच्या कार्यालयात लोकांची कामे पाहणारे दोन-चार कर्मचारी असतात आणि मराठी माणूस त्यांना जवळजवळ कधीच लिहीत नाही, हे मला नेहमी खटकत आले आहे. रस्ते राज्याचे असले तरी व्हीडॉटकडे पाठपुरावा करण्याचे वजन या कार्यालयाकडे असते, आणि आपण मतदार नसलात तरी रहिवासी म्हणून ते आपले ऐकतात. वसंतात, बहुधा एप्रिलमध्ये, अंदाजपत्रकावर जाहीर सुनावणी होते. १ जुलैपासून लागू होणाऱ्या वर्षाच्या सर्वसाधारण निधीतला अर्ध्याहून अधिक हिस्सा शाळांना जातो, त्यामुळे मुलांच्या पालकांनी तिथे तीन मिनिटे बोलणे हे वर्षभर कुरकुरण्यापेक्षा उपयोगाचे आहे. आपल्या खड्ड्यासाठी आधी एचओएकडून रस्ता कोणाचा हे लेखी घ्या, तो राज्याचा निघाला तर व्हीडॉटकडे तक्रार नोंदवा, आणि दोन आठवड्यांत काही हालचाल झाली नाही तर सली डिस्ट्रिक्टच्या सुपरवायझरच्या कार्यालयाला छोटा मेल लिहा. त्यात फोटो, जवळच्या चौकाचे नाव आणि व्हीडॉटने दिलेला तक्रार क्रमांक असू द्या. क्रमांक नसेल तर ते आधी तोच आणायला सांगतील.